आधी थाळी सोडायला शिका, गिरकी नंतर

दहिवडीजवळच्या आमच्या मैदानावर नवी पोर आली की तिला पहिल्याच दिवशी गरगर फिरून थाळी फेकायची असते. मोबाइलवर तेच बघितलेलं असतं. मी पहिले दोन महिने गिरकी घेऊच देत नाही. मी नववीत असताना शिकवणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात गिरकीला लावलं. कंबर धरली आणि दोन मोसम घरी बसले.

आधी पकड. बोटं पसरून टोकाची पेरं फक्त कडेवर टेकवायची, अंगठा वर सपाट. हात सैल झुलवला की थाळी आपोआप बोटांना धरून राहते. ‘पडेल की मॅडम,’ म्हणत पोरी मनगट आत वळवतात, तिथंच घोटाळा होतो.

मग थाळी जमिनीवरून चाकासारखी सोडायची, रोज पन्नास वेळा. तर्जनी सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे. करंगळीकडून सुटली तर थाळी चार पावलांत डुगडुगते आणि आडवी पडते. तर्जनीच्या पेरावर लाल वळ उठला की मी समजते, हिला जमलं.

त्यानंतर उभ्यानं फेक. उजव्या हाताची असेल तर वजन उजव्या पायावर. आधी पाऊल आणि गुडघा फिरतो, मग कंबर, मग छाती, हात शेवटी. ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवणाऱ्या आजीला हे सांगावं लागत नाही, दगड मागं राहतो आणि अंग पुढं जातं. हे अंगात भिनल्यावरच 2.5 मीटरच्या वर्तुळात गिरकी. थाळी जमिनीला लागेपर्यंत बाहेर पाऊल नाही, आणि निघायचं मागच्या अर्ध्या भागातूनच.

मुलींना एक सोय आहे: अठरा वर्षांखालच्या गटापासून ऑलिंपिकपर्यंत थाळी 1 किलोचीच. मुलांची 1.5, 1.75, मग 2 किलो होत जाते.

आईवडील विचारतात, ‘किती वर्षं?’ मी थाळीफेकपटू सीमा पुनियाचं सांगते. 2014 ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि 2023 ला हांगझोऊला चाळिशीत कांस्य. म्हणून दहावीतल्या पोरीला दुकानातल्या पावडरी चारून घाई करू नका. डब्यात काय मिसळलंय ते आपल्याला दिसत नाही, आणि उत्तेजक चाचणीत सापडली तर बंदी पोरीवर येते.

आणखी एक. वारा पाठीमागून असेल तर पोरी खूश होतात, पण थाळीला समोरून, थोडा उजवीकडून येणारा वारा हवा. तो तिला खालून उचलून धरतो. माणदेशात वाऱ्याला तोटा नाही. फेकण्याआधी चिमूटभर माती सोडून बघा.