भीमगडच्या रानात गेलात तर काय बघायचं, कसं बघायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात हेम्माडगा, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जे गच्च रान लागतं तिथंच भीमगड अभयारण्य आहे, 2011 च्या डिसेंबरात घोषित झालं, साधारण 190 चौरस किलोमीटर. कणकुंबीला उगवलेली मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि म्हादई याच भागातून निघून गोव्यात उतरते. बेळगावची बरीच मंडळी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात आणि काहीच दिसलं नाही म्हणतात, कारण सगळा वेळ वाघ नाहीतर अस्वल शोधण्यात जातो. अहो, या झाडीत दहा पावलांवर गवा उभा असला तरी कळत नाही! म्हणून झाडापासून सुरुवात करा.

आधी परमिशन. फॉरेस्ट खात्याची परवानगी असल्याशिवाय आत जायचं नाही आणि जवळच्या गावातला माहितगार माणूस सोबत घ्यायचाच.

आता खरं काम. फळलेला वड, उंबर नाहीतर नांद्रुक शोधा, खाली अर्धवट खाल्लेली फळं पडलेली दिसली की समजा बरोबर जागेवर आलात. थोडं लांब, आडोशाला बसा आणि निदान तासभर हलू नका, मोबाईल सायलेंट. बाकी झाडांना फळ नसतं तेव्हाही यातलं एखादं तरी फळलेलं असतं, त्यामुळे अख्खं रान तिथं जेवायला येतं. शेकरू वरच्या फांदीवर मागच्या पायांनी लटकून खाताना दिसेल, आणि धनेश आला तर आधी पंखांचा जोरात आवाज येतो, मग पक्षी दिसतो. उन्हाळ्यात धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत बसते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, फक्त एक चीर ठेवते, नर त्या फटीतून तिला आणि पिल्लांना फळं भरवतो. तुम्ही फोटोसाठी खाली गर्दी केली तर तो बिचकून लांबच बसणार आणि आतले उपाशी राहणार, म्हणून ढोली दिसली की लगेच मागं फिरा, लोकेशन तर कुणालाच पाठवू नका, हे मी हात जोडून सांगतोय.

पावसाळ्यात जळवा असतात, घट्ट विणीचे लांब मोजे घाला, पँट आत खोचा. चिकटलीच तर नखानं बाजूला सरकवा, काडी पेटवून चटका देऊ नका. रक्त बराच वेळ वाहतं, कारण ती रक्त गोठू न देणारा रस सोडते, घाबरायचं काही नाही. वेलीला, झुडपाला हात लावण्याआधी मात्र नीट बघा, हिरवा चापडा हा विषारी साप पानात पानासारखाच दिसतो. पाऊस ओसरला की चोर्ल्याच्या बाजूच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, सीतेची आसवं ही इवली फुलं फुलतात, तिथं दगडावरनं चालायचं, फुलांवरनं नाही.

तळेवाडीकडच्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ राहतं, 1913 मध्ये त्याची शास्त्रात नोंद झाली आणि कित्येक वर्षं जगात त्याचं हे एवढंच ठिकाण माहीत होतं. कुणी नेतो म्हटलं तरी आत जाऊ नका. टॉर्चनं आणि आवाजानं ती उठतात.

परतताना जांबोटी रस्त्यावर अंधार पडायच्या आत निघा. गवा आडवा आला तर गाडी लांबच थांबवायची, हॉर्न नको, लाईट डिप्पर करून ठेवायची, आणि एक गेला म्हणून लगेच गाडी काढू नका, मागनं कळप येत असतो.