स्थलांतरितांची बातमी लिहिताय? या चुका टाळा

सोलापुरात वृत्तपत्राच्या डेस्कवर बसून वीस वर्षं मी बातमीची एकच कॉपी दुरुस्त करतोय, असं वाटायला लागलंय. वार्ताहर बदलतो, चूक तीच.

सगळ्यात वाईट चूक ‘टोळी’ची. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि अशा कोयत्यांची मिळून टोळी. मजूर स्वतःही टोळीच म्हणतात. पण हेडिंगमध्ये गेला की तोच शब्द दरोडेखोरांचा होतो. एका हंगामात तालुक्यातून कॉपी आली: ट्रॅक्टरमालकानं उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, दिली, टोळी आलीच नाही, गुन्हा दाखल. रात्रीचे साडेअकरा, पान छपाईला सोडायचं होतं. मी हेडिंग ठोकलं, ‘ऊसतोड टोळीने नऊ लाखांना गंडवले’. फिर्याद होती एकट्या मुकादमावर, म्हणजे टोळी जमवून आणणाऱ्यावर! आठवड्याभरानं बीडकडचं एक जोडपं ऑफिसात आलं. बाईनं पिशवीतून घडी घातलेलं कात्रण काढून टेबलावर ठेवलं. म्हणाली, “ह्यातलं आमच्या हातात किती आलं, ते बी छापा की.” एक पैसा आला नव्हता. वर आम्ही गावाचं नाव छापलेलं, त्यामुळे दुसरा मुकादम त्या गावचे कोयते घेईना. दुरुस्ती छापली आम्ही. आतल्या पानावर, चार ओळी.

तेव्हापासून फिर्यादीची प्रत डोळ्यांखालून घातल्याशिवाय मी हेडिंगला हात लावत नाही. नवी पोरं वैतागतात, त्यांना व्हॉट्सॲपवरची प्रेसनोट पुरते. नाही पुरत, बाबांनो.

दुसरी खोड, आडनाव वाचून ‘परप्रांतीय’ लिहिण्याची. सोलापुरातली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झाली १८७७ साली. गिरण्या आणि मागांच्या ओढीनं आजच्या तेलंगणातून पद्मशाली विणकरांची घरंच्या घरं इथं आली, शहराचा पूर्व भाग वसला. त्यांच्या पणतवंडाला परप्रांतीय ठरवणारा आमचा वार्ताहर स्वतः लातूरहून येऊन तीन वर्षं झाली होती. आणि आरोपी खरोखर बिहारचा असला, तरी मोबाईलचोरीत राज्याचा काय संबंध? बार्शीचा चोर सापडला तर हेडिंगात बार्शी घालता का?

‘लोंढे’ सीना नदीला येतात, माणसांना नाही.

‘हजारो मजूर’ लिहिण्याआधी मोजले कुणी, ते विचारा.

मुकादम, ठेकेदार, कारखाना, पोलीस सगळे बोललेत आणि मजूर एकही नाही, अशी कॉपी मी परत पाठवतो. उसाच्या फडावर जा, पहाटे जा. दुपारी कुणाला बोलायला वेळ नसतो.

फोटोचं मात्र मलाही उशिरा कळलं. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या घराकडे निघालेली माणसं. रुळांवरच्या चपात्यांचा फोटो किती कॉलम लावायचा, हे मी आधी ठरवलं आणि नावं मागवली नंतर. आता नावं येईपर्यंत फोटोची जागा कोरी ठेवतो, पान लावणारा कितीही ओरडू दे.