गृहकर्ज आणि जमिनीचा झोन : इसार देण्याआधी या चुका टाळा

पगार पुरेसा आहे, सिबिल स्कोअर उत्तम आहे, तरीही गृहकर्जाचा अर्ज बँकेच्या पॅनेलवरील वकिलाच्या टेबलावर अडून राहतो, तेव्हा खोट पुष्कळदा अर्जदारात नसून जमिनीत असते. ही जमीन विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत कोणत्या विभागात (झोनमध्ये) दाखवली आहे, हे बँक सुरुवातीलाच पाहते आणि खरेदीदार मात्र इसार दिल्यानंतर विचारतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सातबारा पाहून निर्धास्त होणे. सातबाऱ्यावर भोगवटादार, क्षेत्र, पीक, बोजा, इतर अधिकार या नोंदी असतात. नगररचनेचा झोन तेथे कळत नाही. दलालाचे ‘येलो झोन आहे, एनए काय, होऊन जाईल’ हे वाक्य अर्धेच खरे असू शकते, कारण झोन (येलो म्हणजे रहिवास विभाग) आणि एनए म्हणजे बिनशेती या दोन वेगळ्या गोष्टी असून बँकेला दोन्हींचे कागद लागतात. एनए असेल तर ती रहिवासासाठी आहे की औद्योगिक वापरासाठी, हेही आदेशात वाचावे. झोन दाखला आणि भाग नकाशा (आराखड्यातील त्या गटापुरता नकाशा) संबंधित महानगरपालिका, नगरपरिषद किंवा नगररचना कार्यालयातून गट क्रमांकानुसार मिळतो. दाखल्यात ‘अंशतः रहिवास, अंशतः शेती’ असे शब्द आले, तर आपला प्लॉट त्या गटाच्या कोणत्या भागात पडतो, हे मोजणीच्या नकाशावरून ठरवून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. भाग नकाशावर प्रस्तावित डीपी रस्ता (विकास आराखड्यातील रस्ता) किंवा एखादे आरक्षण प्लॉटला छेदत असेल, तर बँकेचा मूल्यांकनकार तेवढे क्षेत्र वजा करू शकतो.

शहरालगतच्या ग्रीन झोनमधील (शेती विभागातील) एक-दोन गुंठ्यांचे तुकडे ही वेगळीच डोकेदुखी आहे. सामाईक सातबाऱ्यावर नाव, ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा आणि वीजबिल एवढ्यावर लोक घर ‘कायदेशीर’ समजतात. वास्तविक नमुना 8 ही करआकारणीची नोंद आहे, बांधकाम परवानगी नव्हे. शिवाय 1947 चा तुकडेबंदी कायदा आणि बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास मनाई करणारे कूळकायद्यातील कलम 63 आडवे येते. शेजाऱ्याला पतसंस्थेकडून कर्ज मिळाले, हा काही पुरावा नव्हे.

मंजूर नकाशाबाहेर बांधलेली खोलीही कर्ज कमी करते. समजा, 48 लाखांचा व्यवहार ठरला आणि वाढीव बांधकाम वगळून मूल्यांकन 40 लाख आले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला मालमत्तेच्या मूल्याच्या 80 टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे 38.40 लाखांऐवजी 32 लाखच मिळतील, फरकाचे 6.40 लाख आपल्या खिशातून जास्तीचे जातील, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी फी वेगळी. तळमजल्यावर दुकान असेल तर बँक गृहकर्जाऐवजी चढ्या व्याजाचे वेगळे कर्ज सुचवू शकते, एवढेही लक्षात ठेवावे.

अर्ज फेटाळला गेलाच, तर दुसऱ्या बँकेकडे धावण्याआधी पहिल्या बँकेकडून कारण लेखी मागावे. कागद अपुरा असेल तर तो मिळवता येतो, आणि गुंठेवारीचे (परवानगीविना पाडलेल्या गुंठ्यांच्या प्लॉटचे) प्रकरण 2001 च्या अधिनियमाखाली नियमित होऊ शकते का, हे स्थानिक नियोजन प्राधिकरणाकडे विचारता येते. झोनच चुकीचा असेल, तर मात्र विक्रेत्याच्या ‘झोन बदलून देतो’ या शब्दावर थांबू नये. विकास आराखड्यात फेरबदल एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 37 खालील सूचना-हरकती आणि शासनाची मंजुरी या मार्गाने होतो, आणि तो मार्ग विक्रेत्याच्या हातात नाही.

म्हणूनच इसारपावतीत एक वाक्य आग्रहाने घालून घ्यावे : जमिनीचा झोन, बिनशेती आदेश किंवा बांधकाम परवानगी यांतील त्रुटीमुळे बँकेने कर्ज नाकारल्यास इसाराची संपूर्ण रक्कम ठरावीक दिवसांत परत केली जाईल. कागद चोख असलेल्या विक्रेत्याला ते मान्य करण्यात अडचण नसते. जो टाळाटाळ करतो, त्याच्या गटाचा भाग नकाशा दुसऱ्याच दिवशी काढावा.