साहेबाचे ओटे आणि माझी जीकेची वही

तलाठी भरतीचा अभ्यास सुरू केला तेव्हा माझ्याकडे जीकेची तीन जाड गाइडं होती आणि पाठांतराचा फाजील आत्मविश्वास. तो उतरला तो देवगडच्या अभ्यासिकेत. आम्ही मुलं एकमेकांना प्रश्न विचारत बसायचो. मी छाती फुगवून सांगितलं, "हेलियमचा शोध 18 ऑगस्ट 1868 ला आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने लावला." एका मुलीने शांतपणे विचारलं, "लॉकियर तेव्हा होता कुठे?"

उत्तर नव्हतं. घरी जाऊन शोधलं, तर त्या दिवशी गृहस्थ इंग्लंडमध्ये! त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाचं निरीक्षण फ्रान्सच्या जानसेन या शास्त्रज्ञाने केलं, तेही आंध्रातल्या गुंटूरला. लॉकियरने ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची खूण असलेली पिवळी रेषा पाहिली. पृथ्वीवर हेलियम हाती लागला 1895 मध्ये, रॅमसेच्या प्रयोगशाळेत. मग लॉकियर साहेबाने इथून ग्रहण पाहिलं म्हणून किल्ल्यावर दाखवतात ते 'साहेबाचे ओटे'? लॉकियर विजयदुर्गला आले होते हे खरंच, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. दोन ग्रहणं, मधे तीस वर्षं, आणि लोकांनी त्यांची एकच गोष्ट करून टाकली. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मजा वाटली. पाठ केलेलं मी विसरतो. हे मात्र आजही झोपेतून उठवलंत तरी सांगेन.

तेव्हापासून वहीत नुसतं उत्तर लिहायचं सोडलं. प्रत्येक माहितीखाली एक प्रश्न लिहायचा: कुठे, कसं, किंवा मग का.

दुसरा धडा घरातच मिळाला. काका रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीला, जायचे. भरती-ओहोटीचं प्रकरण मी चंद्राच्या गुरुत्वाकर्षणासकट घोकत होतो. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "आधी तिथ सांग. मग भरती कधी ती तुझी तूच काढशीत." हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. मी आठवडाभर जेटीवर घड्याळ घेऊन बसलो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण हिशेब चुकत नाही. कारणही मग समजलं: चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती यांतला फरक पुस्तकातल्या आकृतीपेक्षा जेटीच्या पायऱ्यांवरच्या ओल्या रेघेने मला जास्त शिकवला.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यापासून सुरू करावं, असं मी म्हणेन. रत्नागिरीचा थिबा राजवाडा बघितला की इंग्रजांनी इथे नजरकैदेत ठेवलेला ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, 1885 चं युद्ध आणि 1916 मधला त्याचा मृत्यू एका धाग्यात येतात. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर 26 जानेवारी 1998 ला सुरू झाली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा गाडीतून मोजायचा असेल तर खिडकीशी बसा. आणि नावांच्या जुळ्यांपासून सावध राहा. महर्षी कर्व्यांचं मुरुड दापोलीजवळचं, जंजिऱ्याचं नव्हे. ही चूक मी सराव परीक्षेत केली आहे आणि गुणही कापून घेतले आहेत.

रोज दहा गोष्टी पुरतात. पन्नास लिहिणारे मित्र मी पाहिलेत, पंधरवड्यात वही बंद.

आता मुलं विचारतात, गाइडात अजून विजयदुर्ग छापलंय, परीक्षेत काय लिहायचं? प्रश्न नीट वाचा. 'कोणी' विचारलं असेल तर पर्यायांत लॉकियर किंवा जानसेन सापडेल, भांडण नाही. 'कुठे' विचारून पर्यायांत विजयदुर्ग आणि गुंटूर दोन्ही दिले असतील, तर मी गुंटूरवर खूण करीन आणि उत्तरतालिका आली की हरकतीचा अर्ज तयार ठेवीन.