शाळेत सायकलमित्र तयार करायचे तर: आधीची तयारी

सायकलमित्र म्हणजे वर्गातल्या इतरांना सायकलने शाळेत यायला सोबत आणि मदत करणारी मुलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की हे काम सुरू करावं. पाऊस गेलेला असतो, सकाळी गारवा असतो, सहामाही परीक्षाही संपलेली असते. म्हणजे तयारीला लागायचं ते गणपती-नवरात्रातच. पुण्यातल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितेय, पण पुष्कळसं कुठल्याही शहरात लागू पडेल.

आधी मुलं निवडा. सातवी-आठवीतली दहा-बारा पुरेत. वर्गप्रमुख आणि खेळातली मुलं आपसूक पुढे येतात, पण सगळं त्यांच्याच हाती देऊ नका. जो सावकाश चालवतो, मागे पडलेल्यासाठी थांबतो आणि ज्याच्या गल्लीत वर्गातली तीन-चार मुलं राहतात, तो या कामाला जास्त उपयोगी. निम्म्या तरी मुली हव्यातच. आठवी-नववीत बऱ्याच मुलींची सायकल सुटते आणि त्याची खरी कारणं त्या मैत्रिणीलाच सांगतात: वाटेतली छेडछाड, युनिफॉर्मचा स्कर्ट, चेनमध्ये अडकणारी ओढणी. स्कर्टखाली ट्रॅकपँट चालेल, असं मुख्याध्यापकांकडून आधीच लेखी घेऊन ठेवा. ओढणी तिरकी घेऊन कमरेशी गाठ मारायची आणि चेनकव्हर नसेल तर बसवून घ्यायचं. छेडछाडीच्या जागा मुलींकडून समजून घ्या. तिथे एकटीने जायचं नाही, जोडीने जायचं, आणि काही घडलं तर त्याच दिवशी बाईंना सांगायचं, हे पक्कं ठरलेलं असू द्या.

मग रस्ते. एका मोठ्या कागदावर शाळा मधोमध काढून मुलांना आपापली वाट रेखायला सांगा, भीती वाटते तिथे लाल खूण. बहुतेक खुणा दोन-तीन चौकांवरच येतात. ते टाळून आतल्या गल्ल्यांतून जाता येतं का, ते शाळेच्याच वेळेला स्वतः सायकलवरून जाऊन बघा. सायकल ट्रॅक आहे एवढ्यावर विसंबू नका. पुणे महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, तरी आजही कितीतरी ठिकाणी ट्रॅकवर गाड्या लावलेल्या असतात किंवा तो मध्येच संपतो.

सायकलीची तपासणी मुलांनीच करायला शिकावी: हवा, ब्रेकचे रबर, चेनला तेल, घंटी, मागचा लाल रिफ्लेक्टर. सीटवर बसून, पॅडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. सीट फार खाली असल्यानेच गुडघे दुखतात आणि मुलं सायकलला कंटाळतात. दप्तर कॅरिअरला बांधायचं, हँडलला लटकवायचं नाही.

पंक्चरला मात्र एक अख्खा शनिवार द्या. जुन्या ट्यूब, पॉलिश पेपर, सोल्यूशन, पॅच, पंप आणि पाण्याची बादली, एवढं सामान पुरतं. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवायची. बुडबुडे येतील तिथे खूण करून ट्यूब कोरडी करायची, घासायची, सोल्यूशन लावायचं. इथेच सगळे घाई करतात. सोल्यूशन जरा सुकून बोटाला चिकट लागलं की मगच पॅच दाबायचा. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवायचं. काटा तिथेच रुतलेला असला तर पुन्हा पंक्चर ठरलेलं. एका पंक्चरपायी महिनोन्महिने पडून राहिलेल्या सायकली सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हव्या तेवढ्या दिसतात. मैत्रिणीची सायकल स्वतःच्या हाताने सुरू करून देणारी मुलगी पोस्टरपेक्षा जास्त काम करते.

रस्त्यावर नेण्याआधी मैदानावर सराव: एका हाताने चालवणं, तोल न जाता मागे वळून बघणं, हात दाखवून वळणं. उभ्या गाडीचं दार कधीही उघडू शकतं, म्हणून हातभर जागा सोडायची. वळणाऱ्या बसच्या डाव्या अंगाला कधीच घुसायचं नाही, ड्रायव्हरला आपण दिसत नाही. हेल्मेट घालूनच निघायचं. पहिल्या फेऱ्यांना एक मोठं माणूस पुढे, एक मागे.

सगळ्यात जास्त वेळ बोलण्याच्या सरावाला द्या. प्रार्थनेच्या वेळी पर्यावरणावर भाषण नको. सराव करायचा तो या वाक्याचा: ‘उद्या सव्वासहाला तुझ्या गेटपाशी येतो, बरोबर जाऊ.’ आणि ठरल्या वेळी खरंच तिथे असायचं. सोबत मिळाली की निम्मी भीती जाते. समोरचा म्हणाला, सायकल मोडलीय, तर ‘शनिवारी शाळेत आण.’ म्हणाला, आई नको म्हणते, तर तिथेच थांबायचं; आईशी बोलणं हे शिक्षकांचं काम. ज्याच्याकडे सायकल नाही किंवा ज्याचं घर लांब आहे, त्याला डिवचायचं नाही. किलोमीटर मोजून बक्षिसं तर देऊच नका, मुलं वेग वाढवतात आणि जवळ राहणारी खट्टू होतात.

पालकसभा आधीच घ्या, संमतिपत्रं भरून घ्या. क्लासला जायला नववीतल्या मुलाला स्कूटर देणारे पालक त्याच सभेत असतात. बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीलाही १६ वर्षं पूर्ण लागतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, हे स्पष्ट सांगा.

शाळेत सावलीतली जागा, कुलूप लावायला लोखंडी बार आणि वॉचमनकाकांकडे एक पंप, एवढं सुट्टीआधी करून घ्या. मार्चमध्ये परीक्षेच्या आधी सहावीतली चार-पाच मुलं या गटाबरोबर फिरू लागली, की जूनमध्ये नवा गट शोधत बसावं लागत नाही.