मॉड एक्सला फील्डमध्ये घेऊ नका, माझं झालं ते बघा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला स्वतःचं छोटं कॉम्प्युटर अल्जेब्रा (आकड्यांऐवजी चिन्हांनीच गणित सोडवणारा प्रोग्राम) करायला घेतलंय? भारी. फक्त फंक्शन्सची यादी लांबवू नका, ती फील्डमध्ये बसली पाहिजेत, म्हणजे शून्य सोडून कशानंही बिनधास्त भागता आलं पाहिजे. माझे गाइड म्हणाले, जेवढी फंक्शन्स जास्त तेवढं व्हायवाला वजन, आणि मी मान डोलवली. (गाइडनी स्वतः कधी कोड लिहिलाय का हे आधी विचारून घ्या राव.)

साइन, लॉग, ई रेज टू एक्स घेतले तसा मॉड एक्सपण (|x|, म्हणजे उणे चिन्ह काढून टाकलेला एक्स) टाकला. एप्रिल, सोलापूरचं ऊन, पंखा नुसती गरम हवा फिरवतोय, आणि मी दिलं १ भागिले (मॉड एक्स वजा एक्स). सिम्प्लिफायरनं दहावीसारखं वर-खाली (मॉड एक्स अधिक एक्स)नं गुणलं, खाली उरलं एक्सवर्ग वजा एक्सवर्ग, शून्य, एरर. आता हातानं एक्सला -२ घाला की! खाली २ अधिक २, म्हणजे ४, उत्तर सरळ १/४. दोन महिने बग शोधला, कोडमध्ये बग नव्हताच. मॉड एक्स वजा एक्स हे शून्य फंक्शन नाही, उणे बाजूला जिवंत आहे. मॉड एक्स अधिक एक्स अधिक बाजूला जिवंत आहे. गुणाकार मात्र सगळीकडे शून्य! फील्डमध्ये शून्य नसलेल्या दोघांचा गुणाकार शून्य चालतच नाही, म्हणजे मॉड आला तेव्हाच फील्ड गेलं, आणि बिनधास्त भागायची सोय पण. एक्सवर्गाचं वर्गमूळ 'एक्सच' धरून सोडवणारे शॉर्टकटवाले इथंच आपटतात.

घाबरायचं काही नाही, थोडक्यात पण भागतं. साइन, कॉस, टॅन वेगवेगळे कशाला, टॅन एक्स बाय २ ला टी म्हणा, साइन होतो २टी भागिले (१ अधिक टीवर्ग), बाकीचे पण त्यातच बसतात. लॉग एक्स असेल तर लॉग २एक्स नको, दोघांत फरक फक्त लॉग २ चा.

तरी सगळंच घ्यायचंय? १९६८ चं रिचर्डसनचं प्रमेय बघा: परिमेय संख्या, पाय, लॉग २, साइन, ई रेज टू एक्स आणि मॉड एकत्र आले की पदावली शून्य आहे का हे दरवेळी ठरवणारी रीतच नाही. त्या यादीत पण मॉड आहेच बघा.

आणि एर्फ (एरर फंक्शन, ई रेज टू उणे एक्सवर्गाच्या इंटिग्रलवरून येतं ते) हवा असेल तर ई रेज टू उणे एक्सवर्ग आधी आत घ्या, डेरिव्हेटिव्हला तोच लागतो. मी उलटं केलं होतं, ती रात्र वेगळीच गेली.