अरुंद वाटेवर समोरून वेगळ्या प्रकारचे वाहन येते तेव्हा

एकाच ऑफ-रोड वाटेवर एकाच सकाळी डर्ट बाइक, एटीव्ही (दुचाकीसारखे हँडल असलेले चार जाड टायरांचे छोटे वाहन), साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी आसने आणि स्टिअरिंग असलेले छोटे उघडे वाहन) आणि फोर-बाय-फोर जीप अशी चारही प्रकारची वाहने येतात, आणि त्यांच्या चालकांमधली बरीचशी भांडणे समोरच्या वाहनाला काय जमत नाही हे ठाऊक नसल्यामुळे होतात. जीप चालवणाऱ्याला वाटते की दुचाकीस्वाराने क्षणभर थांबायला काय हरकत आहे. पण सुट्या दगडांच्या चढावर मध्येच थांबलेली दुचाकी पुन्हा हलवणे किती जिकिरीचे असते आणि तिला रिव्हर्स गिअर नसतो, हे त्याने अनुभवलेले नसते. दुचाकीस्वाराला वाटते की चार चाकांची गाडी कडेला घेणे सोपे. पण उंच बॉनेटच्या लगत पुढे असलेली जमीन त्या चालकाला दिसतच नाही, आणि कडा ढासळणारी आहे की टणक हे त्याला खाली उतरल्याशिवाय कळत नाही. हा प्रश्न नवा नाही. 1972 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी सार्वजनिक जमिनींवरील ऑफ-रोड वाहनांविषयी काढलेल्या 11644 क्रमांकाच्या आदेशातही जमिनीचे रक्षण आणि सर्वांची सुरक्षितता यांच्या जोडीला निरनिराळ्या वापरांमधला संघर्ष कमी करणे हा हेतू स्पष्टपणे नोंदवलेला आहे.

निघण्यापूर्वी ती वाट कोणत्या वाहनांसाठी खुली आहे हे पाहावे, आणि त्यात रुंदीकडे विशेष लक्ष द्यावे. डर्ट बाइकचे हँडल साधारण 80 सेंटिमीटर रुंद असते, नेहमीची एटीव्ही 120 सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि जीप दोन मीटरच्या जवळ जाते. अमेरिकेतील वनखात्याच्या अनेक वाटांवर 50 इंचांची, म्हणजे 127 सेंटिमीटरची, मर्यादा आढळते. साइड-बाय-साइडची काही मॉडेले या मर्यादेत बसतात, तर काही 72 इंचांपर्यंत रुंद असतात. ‘जाऊन तर बघू, नाही बसली तर मागे फिरू’ हा विचार येथे चालत नाही, कारण फिरायला जागा नसते, आणि ती करून घेण्यासाठी तोडलेली झुडपे व चिरडलेली कड मागून येणाऱ्या प्रत्येकाला जणू आणखी रुंद वाहन आणण्याचे आमंत्रणच देतात.

टायरमधल्या हवेचा विचार जीपवाल्यांनी करावा. डांबरी रस्त्यावर 30 ते 35 पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा असलेला टायर खडकाळ किंवा भुसभुशीत जमिनीवर 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवला, तर तो जमिनीवर पसरतो, पकड वाढते आणि चाक जागच्या जागी फिरून खड्डा पाडत नाही. एटीव्हीच्या टायरमध्ये मुळातच पाच ते सात पीएसआय हवा असल्यामुळे तिच्या चालकाला जीपचा हा उद्योग वेळखाऊ वाटतो, पण त्या दहा मिनिटांचा फायदा त्यालाही होत असतो. परतताना डांबरी रस्त्यावर वेग घेण्यापूर्वी हवा पुन्हा भरून घ्यावी.

चढ-उतारावरचा नियम सर्वत्र जवळपास सारखाच आहे: चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे आणि उतरणाऱ्याने थांबावे. तीव्र चढावरून उलटे खाली येताना पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, त्यामुळे स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक दोन्ही नीट काम करत नाहीत. एटीव्ही तर अशा वेळी ब्रेक जोरात दाबल्यास मागे उलटू शकते. म्हणून उतरणाऱ्याने माथ्यावरच थांबून खाली पाहावे, आणि वाट दिसत नसेल तर इंजिन बंद करून थोडा वेळ कान द्यावा. हेल्मेट घातलेल्या आणि इंजिनाच्या घरघरीत बसलेल्या साइड-बाय-साइडच्या चालकाला खालून येणाऱ्या दुचाकीचा आवाज अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे ही सवय त्याने तर लावून घ्यावीच. जवळच कडेला घेण्याजोगी जागा ज्याच्या बाजूला असेल, त्याने नियमाचा हट्ट न धरता बाजूला व्हावे.

आंधळ्या वळणावर बोटांची खूण उपयोगी पडते. समजा, वळणातून एक दुचाकी आली आणि स्वाराने डावा हात उचलून तीन बोटे दाखवली, तर त्याच्यामागे आणखी तीन जण आहेत. पुढचा दोन बोटे दाखवतो, त्यापुढचा एक, आणि शेवटचा मूठ मिटून वर धरतो. ही मूठ दिसेपर्यंत कडेची जागा सोडू नये. मात्र खडकावरून जाताना स्वाराला हँडलवरचा हात काढता येत नाही, त्यामुळे खूण न दिसणे म्हणजे मागे कोणी नाही असे समजू नये. वेगाचा हिशेबही नीट समजून घ्यावा: एकेरी वाटेवर जितके अंतर दिसते त्याच्या निम्म्यात आपले वाहन थांबले पाहिजे, कारण उरलेला अर्धा भाग समोरच्याला थांबण्यासाठी लागतो.

मागून आलेल्या वेगवान वाहनाला जागा देताना पूर्ण थांबावे आणि मगच हाताने खूण करावी. हळूहळू सरकत कडेला जाणारी जीप पुढे काय करणार आहे हे दुचाकीस्वाराला ओळखता येत नाही. पुढे जाणाऱ्यानेही गाडीला लागूनच थ्रॉटल पिळू नये, कारण मागच्या चाकाने उडवलेला खडा काच फोडतो, आणि साइड-बाय-साइडला बहुधा काचच नसते. धुरळा असेल तर दिवे लावावेत आणि पुढच्याचा धुरळा खाली बसण्याइतके अंतर ठेवावे.

पायी चालणारे दिसल्यास वेग उतरवून त्यांना आधी जाऊ द्यावे. घोडेस्वार दिसला तर इंजिन बंद करावे, हेल्मेट काढावे, शक्यतो उताराच्या बाजूला उभे राहावे आणि स्वाराशी बोलावे. माणसाचा आवाज ऐकला की घोडा सहसा शांत होतो.

मराठीत चाकोरी सोडणाऱ्याचे कौतुक होते, पण ऑफ-रोड वाटेवर चाकोरी सोडणाराच सर्वांत जास्त नुकसान करतो. चिखलाचे डबके टाळून एक जण कडेने गेला की दुसरा त्याच्याही कडेने जातो, आणि एका पावसाळ्यात वाटेच्या तीन वाटा होतात. डबक्याची खोली काठीने तपासावी आणि मधूनच जावे. ते जमणार नसेल तर परतावे. ओहोळ ओलांडण्याची जागा आधीपासून असेल तिथेच तो काटकोनात आणि सावकाश ओलांडावा. वाट ओली असताना जीपच्या चाकांनी पडलेल्या दोन खोल चाकोऱ्या वाळल्यावर इतरांना त्रास देतात: दुचाकीचे चाक त्यांत अडकते, आणि कमी रुंदीच्या एटीव्हीचे एक चाक चाकोरीत, दुसरे मधल्या उंचवट्यावर चढून ती कलंडते. दुचाकींचेही काही कमी नसते. वळणावर मागचे चाक लॉक करून घसरत जाण्याच्या हौसेतून पडलेल्या चरीतून पुढच्या पावसाचे पाणी वाहते आणि वळणाची बाहेरची कड खचते.

पायरीसारख्या खडकावर चढण्यासाठी दगड रचले असतील तर पार झाल्यावर ते काढून बाजूला ठेवावेत. हे मी स्वतः एकदा विसरलो होतो. जीपच्या चाकाखाली घट्ट वाटणारी ती रास मागून आलेल्या दुचाकीच्या पुढच्या चाकाखाली सरकली आणि स्वार पडला. त्याला इजा झाली नाही, पण त्याने मला जे सुनावले ते रास्त होते.

वाहन अडकले आणि विंच, म्हणजे केबल गुंडाळत वाहन ओढून काढणारे यंत्र, लावावी लागली, तर सर्वांत मोठा धोका अडकलेल्या वाहनाला नसून वाटेवर आडव्या ताणलेल्या केबलकडे वेगाने येणाऱ्या दुचाकीस्वाराला असतो. ही केबल साधारण त्याच्या छातीच्या किंवा मानेच्या उंचीवर असते आणि सावलीत तर ती दिसतच नाही. म्हणून केबल ताणण्यापूर्वीच दोन्ही बाजूंना, वळणाच्या पलीकडे, एकेक माणूस पायी पाठवावा आणि केबलवर भडक रंगाचे जाड कापड किंवा डॅम्पर (केबल तुटल्यास तिला उसळू न देणारे वजन) टाकावा. झाडाला बांधायचे असल्यास केबल थेट खोडाभोवती न गुंडाळता किमान 75 मिलिमीटर रुंदीचा पट्टा वापरावा, नाहीतर साल कापली जाते. केबल सैल होऊन जमिनीवर पडल्याशिवाय कोणालाही ती ओलांडू देऊ नये. वाट मोकळी झाल्यावर थांबलेल्यांपैकी दुचाकींना आधी सोडावे, त्यांच्यामागून एटीव्ही आणि साइड-बाय-साइड, आणि शेवटी जीप. उलट क्रमाने सोडले तर पुढच्याच वळणावर, जीपच्या धुरळ्यात, हे सगळे पुन्हा एकमेकांना ओलांडू लागतील.